पॅरिसहून दक्षिणेला गाडीने जाताना मियोचा मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस ते बार्सिलोना किंवा पॅरिस ते भूमध्य समुद्र असा गाडीचा बेत आखणारे बहुतेक जण मधली रात्र महामार्गालगतच्या एखाद्या हॉटेलात काढतात. उशिरा पोचायचं, पाठ टेकायची, सकाळी निघायचं. हे पान त्या मधल्या रात्रीविषयी आहे. माझं म्हणणं एवढंच की, ती एक रात्र दोन करा, दोन्ही एकाच गावी करा आणि मधल्या दिवशी महामार्गाचं तोंडही पाहू नका. त्यासाठी मी सुचवते ते गाव म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं मियो. पाटीवरची अक्षरं वाचून आपण ‘मिलाऊ’ म्हणू, पण स्थानिक लोक ‘मियो’ म्हणतात.

फ्रान्समध्ये देखणी गावं पुष्कळ आहेत. मग मियोच का?

पहिलं कारण, ते वाटेवर आहे. पॅरिसहून ए-१०, ओर्लेआँपासून ए-७१ आणि क्लेरमाँ-फेराँपासून ए-७५ असं सरळ दक्षिणेला आलं की सुमारे ६४० किलोमीटरवर मियो लागतं. तिथून बार्सिलोना साधारण ४०० किलोमीटर, माँपेलिए तर सव्वाशेच्याही आत. म्हणजे आडवाट न करता प्रवासाचे दोन भाग पडतात आणि दमवणारा भाग पहिल्याच दिवशी उरकतो.

दुसरं कारण रस्ता. गूगल पुष्कळदा लियोंवरून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातला ए-७ महामार्ग सुचवतो. उन्हाळ्यात तिथे गाड्या तासन्‌तास अडकतात. ए-७५ मध्य फ्रान्सच्या डोंगराळ पठारावरून जातो, बराच काळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास. क्लेरमाँ-फेराँ ते बेझिए या जवळपास ३४० किलोमीटरच्या पट्ट्यात मियोजवळचा तार्न नदीवरचा उंच पूल (त्याविषयी पुढे येईलच) सोडला तर टोल नाही.

तिसरं आणि खरं कारण म्हणजे तिथला भूगोल. मियोभोवती चुनखडीची प्रचंड पठारं आहेत. त्यांना ‘कॉस’ म्हणतात : सोव्हतेर, मेजाँ, नुआर आणि लारझाक. तार्न, जोंत आणि दूरबी या नद्यांनी ही पठारं खोल कापून काढली आहेत. आपला सह्याद्री बसाल्टचा, तिथे पावसाचं पाणी कड्यावरून धबधब्यांनी खाली येतं. इथे चुनखडी ते पाणी पिऊन टाकते, म्हणून वर पठार कोरडं ठक्क, आत गुहा आणि खाली घळीत बाराही महिने हिरवीगार नदी. पाच-दहा किलोमीटरच्या अंतरात ही दोन्ही जगं दिसतात. मेंढपाळांनी शतकानुशतकं घडवलेल्या या कॉस आणि शेजारच्या सेव्हेन डोंगरांच्या प्रदेशाला युनेस्कोने २०११ साली जागतिक वारशात घेतलं.

दोर्दोन्य खोरं, रोकामादूर ही नावंही तुम्हाला कुणी सुचवली असतील. सुंदरच आहेत. पण तिथला किल्ला, गुहा, गाव असा पसारा आठवड्याचा आहे. दोन रात्रींत तो धावतपळत होतो.

एक रात्र पुरत नाही का?

झोपायला पुरते, बघायला नाही. पॅरिसहून सकाळी आठला निघालात तरी जेवणाच्या आणि इतर थांब्यांसह पोचायला पाच-सहा वाजतातच. दुसऱ्या दिवशी लगेच निघायचं असेल तर पूल दिसेल, घळी दिसणार नाहीत. घळीतल्या रस्त्यांवर ताशी तीस-चाळीसचा वेग पकडा. त्या वेगात ‘जाता जाता बघू’ जमत नाही. खरंच एकच रात्र असेल, तर घळी पूर्ण सोडा आणि पेर हे गाव आणि पूल एवढंच नीट बघा.

पहिल्या दिवशी वाटेत कुठे थांबावं?

जेवणाला बूर्ज. पॅरिसपासून अडीचशे किलोमीटरच्या आत आहे आणि तिथलं तेराव्या शतकातलं गॉथिक कॅथेड्रल जुन्या रंगीत काचांसाठी आवर्जून बघण्यासारखं. दीड तास द्या.

त्यानंतर क्लेरमाँ-फेराँजवळ उजव्या हाताला निद्रिस्त ज्वालामुखींची रांग दिसू लागते. त्यातला प्युई द दोम १,४६५ मीटर उंच आहे आणि वर दातेरी रुळांची छोटी रेल्वे जाते. पण त्याच दिवशी तो चढू नका. दोन तास जातात आणि मियोची संध्याकाळ हातची सुटते.

गाराबीला मात्र दहा मिनिटं थांबाच. ए-७५ वरच्या विश्रांतीतळावरून गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने बांधलेला लालसर लोखंडी रेल्वेपूल दिसतो. तो १८८४ चा, म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याच्या पाच वर्षं आधीचा. नदीवर पसरलेली त्याची ती एकच कमान बघितली, की पुढे तास-दीड तासात दिसणारा मियोचा पूल नुसता ‘मोठा’ वाटत नाही. एकशेवीस वर्षांत माणसाने काय मजल मारली ते त्या दोघांकडे एकाच दिवशी पाहिल्यावर कळतं.

गाडी पॅरिसमध्येच भाड्याने घ्यायला हवी का?

मुळीच नाही. शहरातून गाडी बाहेर काढणं हाच या प्रवासातला सर्वांत त्रासाचा भाग आहे. दोन पर्याय आहेत. पॅरिस-बेर्सी स्थानकावरून रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास क्लेरमाँ-फेराँ आणि तिथून गाडी. किंवा तेजेव्हे (टीजीव्ही) या वेगवान रेल्वेने साधारण तेवढ्याच वेळात माँपेलिए आणि तिथून गाडी घेऊन उलटं वर मियोला. वेळ कमी असेल तर दुसरा पर्याय उत्तम.

ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर फार आधी नोंदवा, कारण लहान शहरांत बहुतेक गाड्या गिअरच्या असतात. स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला ही सवय व्हायला एखादा दिवस लागतो. तो दिवस घळीतल्या वळणांवर काढू नका. गावांतली भाड्याची कार्यालयं दुपारी जेवणासाठी आणि रविवारी बंद असतात, हे तिकीट काढण्याआधी तपासा. फ्रान्समध्ये घेऊन स्पेनमध्ये परत करायची असेल तर त्याचा जादा आकार चांगलाच चढा असतो.

मियोचा पूल नीट कुठून दिसतो?

पुलावरून तर सर्वांत कमी दिसतो. वाऱ्यापासून बचावासाठी दोन्ही बाजूंना उंच पडदे आहेत, थांबायला सक्त मनाई आहे आणि अडीच किलोमीटर म्हणजे दीड मिनिटाचा खेळ. उद्घाटनानंतर लोक फोटोसाठी वेग कमी करू लागले, म्हणून तिथली वेगमर्यादा १३० वरून ११० वर आणावी लागली.

आधी पुलाविषयी थोडं. आराखडा अभियंता मिशेल विर्लोज्योचा, वास्तुरचना नॉर्मन फॉस्टरची. लांबी २,४६० मीटर, खांब सात. सर्वांत उंच खांबावरच्या दोरखंडांच्या डोलकाठीचं टोक धरलं तर उंची ३४३ मीटर, आयफेल मनोऱ्याहून जास्त. पायाभरणी डिसेंबर २००१ मध्ये झाली आणि १४ डिसेंबर २००४ ला राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी उद्घाटन केलं. म्हणजे तीन वर्षांत काम पुरं. पोलादी रस्ता दोन्ही काठांवर जोडून हायड्रॉलिक यंत्रांनी इंचाइंचाने खांबांवर सरकवला गेला आणि मे २००४ मध्ये तार्नच्या वर दोन्ही टोकं जुळली. पूल सरळ रेषेत नाही, त्याला अगदी हलकं वळण आहे. ते वळण खालून पाहिल्यावरच लक्षात येतं.

आता जागा. उत्तरेकडच्या टोकाला विश्रांतीतळ आहे. तिथून टेकडीवर चढून गेलं की सगळा पूल एका नजरेत येतो. पोचल्या दिवशी हे करून टाका. दुसरी जागा डी-९९२ रस्त्यावर, थेट पुलाच्या खाली. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं अशी. आणि तिसरी, माझी सर्वांत आवडती, पेर. मियोपासून आठेक किलोमीटरवर तार्नच्या उजव्या काठाला कड्याला चिकटून बसलेलं हे गाव. इथलं जुनं चर्च अर्धं कड्याच्या पोटात कोरलेलं आहे, आणि त्याच्या समोर, नदीच्या वरच्या अंगाला, आपल्या काळातला पूल. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा जेवण आटोपूनही तिथे जाता येतं. गावात गाडी नेऊ नका, खाली ठेवून चढा.

मधला दिवस कसा आखावा?

तार्नची घळ एका बाजूने जायची, जोंतची घळ धरून यायचं. हा एक गोल फेरा झाला. सकाळी साडेआठपर्यंत निघा.

मियोहून वीस किलोमीटरवर ल रोझिए लागतं, तिथे जोंत तार्नला मिळते. डावीकडे वळून डी-९०७ बिस हा रस्ता धरा. एका बाजूला सोव्हतेरचं पठार, दुसऱ्या बाजूला मेजाँचं, मध्ये चारशे ते सहाशे मीटर खोल घळ. ले व्हिन्यच्या थोडं पुढे पा द सूसी नावाची जागा आहे. कड्यावरून कोसळलेल्या अजस्र शिळांखाली नदी चक्क गायब होते. पुढे ला मालेन आणि मग सेंत-एनिमी. या गावाची आख्यायिका अशी की, एनिमी ही मेरोव्हिंजियन या फ्रान्सच्या प्राचीन राजघराण्यातली राजकन्या. तिचं कुष्ठ इथल्या बुर्ल झऱ्याच्या पाण्याने बरं झालं, आणि ती इथेच राहिली. झरा आजही वाहतो. गोटे बसवलेल्या गल्ल्या, नदीवरचा दगडी पूल. दुपारचं जेवण इथे करा, पण साडेबाराला टेबल धरा.

जेवणानंतर मेजाँ पठारावर चढा. चढण जेमतेम पंधरा मिनिटांची, आणि वर आलात की झाड दिसत नाही, घर दिसत नाही. गवत, दगड, मेंढ्यांचे कळप आणि वारा. एवढ्या मोठ्या फ्रान्समध्ये इतकं रिकामं काही असेल असं वाटत नाही. मला या दिवसातला हाच अर्धा तास सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून इथे घाई करू नका. गाडी कडेला लावा, उतरा, चाला. याच पठाराच्या पोटात आव्हेन आर्माँ ही गुहा आहे. १८९७ साली लुई आर्माँ आणि एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी ती शोधली. आत शेकडो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभांचं अरण्य आहे, त्यातला सर्वांत उंच तीस मीटरचा. खाली जायला रुळांवरची गाडी आहे. आत गारठा असतो, स्वेटर घ्या.

तिथून मेरुएजवरून जोंतच्या घळीत उतरा आणि ल रोझिएवरून मियोला परत. सगळा फेरा साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा. अंतर किरकोळ वाटेल, पण संध्याकाळ होतेच.

पॉईंट स्युब्लिम हा प्रसिद्ध नजारा सोव्हतेरच्या बाजूला, ले व्हिन्यहून वर आहे. चढणीचा रस्ता अरुंद आणि नागमोडी आहे. चालवणाऱ्याला घाटाची सवय असेल तरच जा. आणि हा नजारा धरला तर गुहा सोडा.

होडीतून जाता येतं का? मुलं बरोबर आहेत.

ला मालेनचे नावाडी सपाट तळाच्या होडीतून घळीच्या सर्वांत अरुंद भागातून सुमारे आठ किलोमीटर खाली नेतात आणि गाडीने परत आणून सोडतात. वल्हं तेच मारतात. ज्येष्ठ आणि लहान मुलं दोघांनाही हे जमतं. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा मोसम. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची पहिली फेरी गाठा.

स्वतः कनू चालवायचं असेल तर पोहता येणं सक्तीचं आहे. उन्हाळ्यात पाणी बरंचसं उथळ असतं, तरी लाइफ जॅकेट उतरवू देऊ नका. पा द सूसीच्या आधी ठरवून दिलेल्या जागी बाहेर पडायचं, त्याला अपवाद नाही.

जोंतच्या घळीत गिधाडं दिसतात हे खरं का?

खरं, आणि डोक्यावर अगदी जवळून दिसतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली गिधाडं शिकार आणि विषामुळे संपली होती. १९८१ पासून पिंजऱ्यात वाढवलेली ग्रिफन गिधाडं पुन्हा सोडायला सुरुवात झाली. इथले मेंढपाळ मेलेली मेंढरं ठरवून दिलेल्या जागी ठेवतात आणि बाकीचं काम गिधाडं करतात. आज कड्यांवर त्यांच्या वसाहती आहेत. ल त्रुएलजवळ गिधाडांचं माहितीकेंद्र आहे, तिथे दुर्बिणी लावलेल्या असतात.

ऊन तापून हवा वर चढू लागली की ती तरंगायला लागतात. दुपारी चारच्या सुमाराला या बाजूला असाल असं बघा. डायक्लोफेनॅक या जनावरांच्या औषधामुळे आपल्याकडची गिधाडं कशी नाहीशी झाली ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे दृश्य बघून भरून येतं. गेलेलं परत आणता येतं याचा हा जिवंत पुरावा आहे.

लारझाकचा आणि वर्ध्याचा संबंध आहे असं ऐकलं. तो काय?

आहे, आणि मराठी माणसाने तो जाणून तिथे जावं असं मला फार वाटतं.

१९७१ साली संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी लारझाक पठारावरचा लष्करी तळ तीन हजार हेक्टरांवरून सतरा हजारांवर नेण्याची घोषणा केली. मेंढपाळांच्या जमिनी जाणार होत्या. त्यांच्या मदतीला आला लान्झा देल व्हास्तो. हा मूळचा इटलीत जन्मलेला कवी आणि विचारवंत. १९३७ साली तो वर्ध्याला गांधीजींकडे राहिला होता आणि गांधीजींनी त्याचं नाव ‘शांतिदास’ ठेवलं होतं. १९७२ च्या मार्चमध्ये त्याने ला काव्हालरी गावात पंधरा दिवसांचं उपोषण केलं. वयाची सत्तरी उलटलेला माणूस. त्याच्याबरोबर आळीपाळीने शेतकरीही उपाशी बसले, आणि उपोषणाच्या अखेरीस १०३ शेतकऱ्यांनी ‘जमीन विकणार नाही’ अशी शपथ घेतली.

पुढची दहा वर्षं त्यांनी हिंसा न करता लढा दिला. ऑक्टोबर १९७२ मध्ये आयफेल मनोऱ्याखाली मेंढ्या नेऊन सोडल्या. पॅरिसपर्यंत पायी मोर्चे काढले. ला ब्लाकिएरला परवानगी नसताना हजारो स्वयंसेवकांच्या हातांनी मेंढ्यांसाठी दगडी वाडा उभारला. १९८१ साली फ्रान्स्वा मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि तळाचा विस्तार रद्द झाला. लारझाकवरून ए-७५ ने जाताना दोन्ही बाजूंना जी मोकळी कुरणं दिसतात, ती त्या शपथेमुळे आहेत.

ला काव्हालरी हे महामार्गाला लागूनच आहे. तटबंदीचं हे जुनं गाव बघायला तास पुरे.

आई-बाबा बरोबर आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, बेत थोडा बदलून. आव्हेन आर्माँच्या गुहेत आतमध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत, ती वगळा. सेंत-एनिमीत वरच्या गल्ल्यांऐवजी नदीकाठी बसा. होडी ठेवा. पेरमध्ये चढ आहे, पण खालूनही पूल छान दिसतो. घळीतल्या वळणांनी गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. दुखण्याखुपण्याची औषधं घरूनच न्या. तिथे रविवारी एखादंच औषधाचं दुकान उघडं असतं, ते कुठलं हे ३२३७ या क्रमांकावर कळतं. आपत्काळात ११२.

आम्ही शाकाहारी आहोत. खायचं काय?

इथे उपाशी राहायची वेळ येणार नाही, मात्र वेळ पाळावी लागेल. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं साधारण साडेसातपासून. अडीचला गेलात तर खानावळीत दिवे असतील, जेवण नसेल. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बऱ्याच जागा बंद. म्हणून रविवार-सोमवारच्या मुक्कामात एका वेळचं सामान गाडीत असू द्या.

मागवायचं ते आलिगो. शेजारच्या ओब्राक पठारावरचा हा पदार्थ. उकडलेल्या बटाट्यात ताजं ‘तोम’ चीज आणि लसूण घालून इतकं घोटतात की त्याची हातभर तार निघते. तो बहुधा सॉसेजबरोबर येतो, तेव्हा नुसता मागा. ‘सां व्यांद, सां प्वासाँ’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं वाक्य पाठ ठेवा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर सॅलडवर खारवलेल्या मांसाचे तुकडे येऊ शकतात. हा इथल्या लोकांचा खोडसाळपणा नव्हे, त्यांना ते ‘चवीपुरतं’ वाटतं.

मियोचा बाजार बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी भरतो. जर्दाळू, चेरी, टोमॅटो, मध, पाव. आणि फ्लोन, मेंढीच्या दुधाच्या ताज्या पनीरसारख्या चीजची, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेली भाजलेली गोड ‘पाय’ (टार्ट). ती चुकवू नका, अंडं चालत असेल तर.

रोकफोरच्या तळघरांना जावं का?

शाकाहार काटेकोर असेल तर आधी हे जाणून घ्या की, रोकफोर चीजला कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, लागतं. ज्यांना चालतं त्यांनी अवश्य जावं. हे चीज जिथे पिकतं ते रोकफोर गाव मियोहून पंचवीस किलोमीटरवर आहे.

काँबालू डोंगराचा कडा कधीकाळी कोसळला आणि त्याच्या पोटात भेगा पडल्या. त्यांना ‘फ्लरिन’ म्हणतात. त्यांतून वर्षभर थंड, दमट हवा खेळते. लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या न तापवलेल्या दुधाचं चीज याच हवेत पिकतं आणि त्यात निळी बुरशी धरते. १९२५ साली रोकफोरच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. एखाद्या चीजला फ्रान्समध्ये असं पहिल्यांदाच मिळत होतं. तळघरांत दहा अंशांच्या आसपास तापमान असतं.

मियोचे चामडी हातमोजेही याच मेंढ्यांमुळे. दूध चीजसाठी गेलं की कोकराचं कातडं उरायचं आणि त्यावर एक अख्खं शहर जगायचं.

राहायचं कुठे?

‘शांब्र दोत’ शोधा. म्हणजे कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली, न्याहारीसह. कायद्याने अशा घरात पाचच खोल्या देता येतात, त्यामुळे गर्दी नसते. काही घरांत आधी सांगितलं तर रात्री यजमानांबरोबर एकाच टेबलावर जेवण मिळतं. त्याला ‘ताब्ल दोत’ म्हणतात. शाकाहाराचं नोंदणी करतानाच कळवा, तिथे गेल्यावर नाही. घरात शिरताना, दुकानात शिरताना आधी ‘बाँझुर’. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धट समजतात.

स्वतः खिचडी टाकायची असेल तर ‘जीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह घर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये ही घरं शनिवार ते शनिवार अशीच देतात, दोन रात्रींसाठी मिळत नाहीत.

मियोमध्ये राहावं की घळीत? दोनच रात्री असतील तर मियो किंवा त्याच्या आसपासची खेडी. घळीतलं राहणं रम्य, पण पॅरिसहून दमून आल्यावर अंधारात त्या वळणांवर गाडी घालणं शहाणपणाचं नाही.

कधी जावं?

मे, जून किंवा सप्टेंबर. मे-जूनमध्ये पठारांवर रानफुलं असतात. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीचे शनिवार टाळाच. सुट्टीवर जाणारे आणि परतणारे एकाच दिवशी रस्त्यावर येतात. ‘बिझाँ फ्यूते’ ही सरकारी सेवा प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल, काळा असा रंग देते. काळ्या दिवशी निघू नका.

शरदात सेव्हेनच्या डोंगरांवर भूमध्य समुद्रावरची दमट हवा आदळून काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस होतो आणि नद्या बघता बघता चढतात. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल तर घळीत उतरायचं नाही, नदीकाठी तंबू ठोकायचा नाही.

हिवाळ्यात गेलं तर?

ए-७५ वर बर्फ पडतो आणि १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागांत हिवाळी टायर किंवा साखळ्या असणं बंधनकारक आहे. गाडी घेताना विचारून घ्या. बऱ्याच जागा बंद असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हिवाळा सोडावा.

भारतीय लायसन्स चालतं का? रस्त्याचे नियम?

लहान मुक्कामासाठी चालतं, मात्र आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून तो मूळ लायसन्ससोबत ठेवा.

महामार्गावर १३०, पावसात ११०. ग्रामीण रस्त्यांवर साधारण ८०, काही जिल्ह्यांत ९०, पाटी बघा. गावाच्या नावाची पाटी लागली की आपोआप ५०, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. आपल्या लोकांची सर्वांत मोठी चूक इथेच होते आणि कॅमेरे असतात. दुसरी गोष्ट ‘उजवीकडच्याला प्राधान्य’. खेड्यात कुठलीही खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणारी गाडी आधी जाते, मग ती बारक्या गल्लीतून का येईना. कोपऱ्यावर उभा असलेला पिवळा चौकोन पाटीवर दिसला तर प्राधान्य तुमचं. चमकतं जॅकेट आणि त्रिकोण गाडीत हवेत. दहा वर्षांखालच्या मुलांना मागे, त्यांच्या आसनातच बसवायचं. कानात इअरफोन घालून चालवायला बंदी आहे.

टोल आणि इंधनाचं काय?

टोलनाक्यावर हिरव्या बाणाची किंवा कार्डाची रांग धरा. नुसतं ‘टी’ लिहिलेल्या रांगेत शिरू नका, ती टॅगवाल्यांची. पॅरिसकडून तिकीट घ्यायचं, पुढे पैसे भरायचे. पुलाचा टोल वेगळा आणि उन्हाळ्यात जास्त.

‘गाझोल’ म्हणजे डिझेल. नाव ऐकून पेट्रोल समजणारे अनेक आहेत आणि भाड्याच्या गाडीत चुकीचं इंधन गेलं तर खर्च तुमच्या माथी. पेट्रोलवर ‘सां प्लाँ’ लिहिलेलं असतं. सुपरमार्केटचे पंप महामार्गापेक्षा स्वस्त. रात्री ते फक्त कार्डावर चालतात, तेव्हा कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधी सुरू करून घ्या. घळीत जाण्याआधी मियोत टाकी भरा आणि नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, कड्यांमध्ये नेटवर्क येत-जात असतं.

तिसऱ्या दिवशी पुढे निघताना वाटेत काय बघावं?

ला कुव्हर्तुआराद. लारझाकवरचं टेम्पलर सरदारांचं, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळातल्या ख्रिस्ती लढवय्या संघाचं गाव, पंधराव्या शतकातल्या तटबंदीच्या आत जसंच्या तसं. गावाबाहेर मेंढ्यांना पाणी पाजायचं फरसबंद गोल तळं आहे. घरांच्या दारांवर सूर्यासारखं काटेरी रानफूल खिळलेलं दिसेल. ते ‘कार्दाबेल’. हवा दमट झाली की मिटतं, त्यावरून लोक पावसाचा अंदाज बांधत. आता ते दुर्मीळ झालंय, म्हणून रानातून तोडू नका.

त्यानंतर ए-७५ पठार सोडून पा द लेस्कालेतच्या कड्यातून झपाट्याने खाली उतरतो आणि मेंढ्यांच्या जागी द्राक्षमळे येतात. उतारावर गिअर खाली ठेवा, नुसत्या ब्रेकवर राहू नका. वेळ असेल तर लोदेव्हच्या पुढे सालागू तलाव, लालभडक मातीच्या काठांचा. बेझिएला कानाल द्यू मिदीच्या फोंसेरानच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जलदारांतून बोटी चढता-उतरताना दिसतात. पियेर-पॉल रिके यांनी घडवलेला हा कालवा १६८१ मध्ये पुरा झाला.

बेझिएपासून ए-९ ने स्पेन. या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे विश्रांतीतळांवर गाडी उघडी किंवा सामान दिसेल असं सोडू नका. ‘तुमचं टायर पंक्चर आहे’ असं सांगत कुणी थांबवू पाहिलं तर गजबजलेल्या पंपापर्यंत न थांबता जा. इंधन सीमेनंतर ला जोंकेराला बहुधा स्वस्त पडतं, तेव्हा बेझिएला गरजेपुरतंच भरा.